भुर्रकन म्हणा, ‘पेर्रो’ जमेल : स्पॅनिश शिकणाऱ्यांचे प्रश्न

स्पॅनिशचा कंटाळा येऊ नये म्हणून काय करावं, या एकाच प्रश्नाची बरीच रूपं या वेळच्या टपालात आहेत. उत्तरं देताना स्पॅनिश शब्द आम्ही उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. ‘व्ही’ आणि ‘बी’ ही दोन्ही अक्षरं स्पॅनिशमध्ये एकाच आवाजाची, म्हणून दोन्हीकडे ‘ब’ आहे. ‘जे’ या अक्षरासाठी ‘ह’ लिहिला आहे. तो जरा घसा खरवडून म्हणावा.

प्रश्न : मोबाइल ॲपवर सलग २०० दिवस धडे केले. धडे मजेचे होते. पण समोरचा बोलू लागला की काही पकडता येत नाही आणि तोंडातून एक वाक्य निघत नाही. चुकलं कुठे?

उत्तर : ॲप चार पर्यायांतून बरोबर पर्याय ओळखायला लावतं. बोलताना पर्याय समोर नसतात, शब्द आतून काढावा लागतो. ओळखण्याचा सराव २०० दिवस झाला, काढण्याचा एक दिवसही झाला नाही, एवढंच चुकलं. ॲप सोडायची गरज नाही. प्रश्न आला की पर्याय हाताने झाका, उत्तर मोठ्याने म्हणा आणि मग हात काढा.

त्याच्या जोडीला ‘चार-तीन-दोन’ हा खेळ आठवड्यातून तीनदा खेळा. एक साधा विषय घ्या : काल संध्याकाळी काय केलं, खोलीत काय काय आहे, असा. घड्याळ लावून त्यावर चार मिनिटं बोला. लगेच तोच मजकूर तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. नवं काही सांगायचं नाही, तेच जलद सांगायचं. पहिल्या फेरीत शब्द शोधण्यात वेळ जातो, तिसऱ्या फेरीत शब्द हाताशी असतात आणि लक्ष क्रियापदांच्या शेपटांकडे, म्हणजे कर्ता-काळाप्रमाणे बदलणाऱ्या प्रत्ययांकडे, जातं. एकूण नऊ मिनिटं. हा खेळ फसतो तो दोन कारणांनी. एक, लोक ‘पर्यावरण’सारखा भारी विषय घेतात. दोन, आधी लिहून काढतात आणि मग वाचतात. लिहायचं असेल तर तिन्ही फेऱ्या झाल्यावर लिहा, अडलेले शब्द तेवढे.

प्रश्न : मालिका बघताना सबटायटल कोणत्या भाषेत ठेवावीत? आणि डब केलेल्या मालिका चालतील का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तिथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. डब केलेल्या मालिकेत स्पॅनिश आवाज आणि स्पॅनिश सबटायटल हे दोन वेगवेगळे अनुवाद असतात. डबिंग करणारा ओठांच्या हालचालीशी जुळणारे शब्द शोधतो, सबटायटल करणारा ओळीत मावतील असे. त्यामुळे कानावर एक वाक्य पडतं आणि डोळ्यांना दुसरं दिसतं. शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच कान कच्चा. मूळ स्पॅनिशमध्ये बनलेली मालिका घ्या आणि तिची कर्णबधिर प्रेक्षकांसाठीची स्पॅनिश सबटायटल निवडा. ती बोलण्याशी बऱ्यापैकी तंतोतंत जुळतात.

अख्खा भाग अभ्यासाला घेऊ नका, तीन मिनिटांचा एक प्रसंग पुरे. पहिल्यांदा सबटायटलशिवाय बघा आणि कोण कोणावर का चिडलंय एवढंच ओळखा. दुसऱ्यांदा स्पॅनिश सबटायटल लावून, वाक्यावाक्याला थांबत. तिसऱ्यांदा सबटायटल बंद करून पात्राच्या मागोमाग, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, त्याच्याच सुरात बोलत चला. इथे अर्थाचा विचार करायचा नाही, नक्कल करायची. वेग झेपत नसेल तर पाऊणपट करा. त्याखाली गेलात तर आवाज ताणला जातो आणि शब्द एकमेकांत कसे मिसळतात ते ऐकूच येत नाही. बाकीचा भाग आरामात, हवी ती सबटायटल लावून बघा. तोही अभ्यास करायचा म्हटलं तर आठवड्यात मालिका सुटेल.

रोजच्या, लांबलचक कौटुंबिक मालिकांना नाक मुरडू नका. त्यांत माणसं एकमेकांकडे तोंड करून स्पष्ट बोलतात, तीच भांडणं पुन्हापुन्हा होतात आणि ‘तू मला सांगितलं का नाहीस’ हे वाक्य दर भागात भेटतं. गुन्हेगारी मालिकांत कुजबुज, बंदुकांचे आवाज आणि गल्लीतली बोली. त्या नंतर.

प्रश्न : गाण्यांतून स्पॅनिश शिकता येतं का? गाणी पाठ आहेत, पण शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही.

उत्तर : येतं, आणि तुमची तक्रारच गाण्यांचा सगळ्यात मोठा फायदा दाखवते. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचा व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन चिकटतो, आणि दोन स्वर शेजारी आले की एकमेकांत विरघळतात. ‘लोस ओत्रोस’ कागदावर दोन शब्द, कानाला एकच : लोसोत्रोस. ‘के बास आ आसेर’, म्हणजे ‘तू काय करणार आहेस’, हे ऐकू येतं ‘केबासासेर’. संधी शिकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. त्यातून साधं वाचतानाही स्पॅनिश माणूस सेकंदाला सात-आठ अक्षरं टाकतो, म्हणून सुरुवातीला सगळा एकच लांब शब्द वाटतो.

आठवड्याला एकच गाणं घ्या, शक्यतो संथ बोलेरो (लॅटिन अमेरिकेतलं प्रेमगीत). गीत छापून किंवा उतरवून घ्या आणि त्यातली क्रियापदं काळ्या शाईने झाका. दर सातवा शब्द झाकला तरी चालेल, पण क्रियापदं झाकली की कानाला शेपटं ऐकायची सवय लागते. ऐकत रिकाम्या जागा भरा. मग जोडले गेलेले शब्द खालून कंसाने बांधा आणि गाणं देवनागरीत उतरवा, शब्द न तोडता, जसं ऐकू येतं तसं. आपली लिपी या कामाला रोमनपेक्षा बरी, कारण चिकटलेलं अक्षर ती चिकटवूनच दाखवते.

दोन गोष्टी मात्र गाण्यातून शिकू नका. एक म्हणजे शब्दातला जोर, कारण चालीसाठी तो खुशाल सरकवला जातो. दुसरी म्हणजे कॅरिबियन नाचगाण्यांतले उच्चार. तिथे ‘पारा’ (साठी) याचा ‘पा’ होतो, शब्दाअखेरचा ‘स’ हवेत विरतो, आणि पोर्तो रिकोच्या गायकाच्या तोंडी ‘पुएर्ता’ (दार) ‘पुएल्ता’ होऊन येतं. ऐकायला झकास, पण पहिल्या वर्षी उचलू नये.

प्रश्न : आम्ही तिघे मिळून शिकतो. शिक्षक नाही. एकत्र बसलो की दहा मिनिटांत गप्पा मराठीत सुरू होतात. काही खेळ सुचवाल का?

उत्तर : पत्त्यांचा ‘एस्कोबा’ खेळा. नावाचा अर्थ झाडू. स्पेनमध्ये आणि अर्जेंटिनात हा घरोघरी खेळला जातो. स्पॅनिश पत्ते ४० पानांचे असतात. तुमच्याकडे नेहमीचे ५२ असतील तर अठ्ठ्या, नव्व्या आणि दश्श्या काढून टाका, ४० उरतात. एक्का १, सत्तीपर्यंत छापलेली किंमत, गुलाम (सोता) ८, राणीच्या जागी घोडेस्वार (काबायो) ९, राजा (रेय) १०. चौकट म्हणजे ‘ओरोस’, सोन्याची नाणी. अस्सल स्पॅनिश पत्ते मिळाले तर एक फसगत सांभाळा : त्यांवर सोता, काबायो, रेय यांना १०, ११, १२ असे आकडे छापलेले असतात, पण या खेळात किंमत ८, ९, १० च.

प्रत्येकाला तीन पानं वाटा, चार पानं उताणी मांडा. पाळी आली की हातातलं एक पान टाकायचं. ते आणि मांडलेली एक किंवा जास्त पानं मिळून बरोबर १५ झाली तर सगळी उचलायची. नाही झाली तर टाकलेलं पान तिथेच राहतं. उचलताना मांडणी पूर्ण साफ झाली तर ‘एस्कोबा!’ असं ओरडायचं, एक गुण. हातातली पानं संपली की पुन्हा तीन-तीन वाटायची. तिघांत असे चार वाटप होतात. गड्डी संपल्यावर मांडणीत उरलेली पानं शेवटी ज्याने उचललं त्याची. मग सर्वांत जास्त पानं, सर्वांत जास्त ओरोस, सर्वांत जास्त सत्त्या आणि ओरोसची सत्ती, यांना प्रत्येकी एक गुण.

भाषेचा भाग असा : उचलण्याआधी बेरीज स्पॅनिशमध्ये म्हणायची. ‘त्रेस इ सिएते इ सिंको, किन्से’ : तीन नि सात नि पाच, पंधरा. मराठीत आकडा निघाला की पानं उचलता येत नाहीत. ही एक अट सगळा खेळ तोलून धरते, कारण जिंकायची घाई असताना मेंदू भाषांतर करत बसत नाही. सोबत एवढी वाक्यं एका कागदावर समोर ठेवा : ‘ते तोका’ (तुझी पाळी), ‘आ किएन ले तोका?’ (कोणाची पाळी?), ‘बाराहा’ (पिस), ‘रेपार्ते’ (पानं वाट), ‘मे येबो एस्तास’ (ही मी उचलतो).

पंधराच्या पुढचे आकडे यात येत नाहीत. त्यासाठी ९० आकड्यांची हाउझी खेळा. सेसेंता (६०) आणि सेतेंता (७०) यांत हमखास घोटाळा होतो, आणि तो एकदा तोंडघशी पडल्याशिवाय सुटत नाही.

पत्त्यांचा कंटाळा आला की शब्दांच्या भेंड्या. स्पॅनिश मुलं त्यांना ‘पालाब्रास एंकादेनादास’, साखळीचे शब्द, म्हणतात. आपल्या भेंड्यांसारखंच, शेवटचं उच्चारलेलं अक्षर घ्यायचं : कासा, सापो, पोको, कोपा, पाला, लादो, दोमिंगो, गोमा, मानो, नोचे, चेके, केसो. दहा सेकंदांत शब्द आला पाहिजे. नाम असेल तर ‘एल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) लावूनच म्हणायचं. लिंग चुकलं तर शब्द बाद. ‘कामिओन’सारखा शब्द टाकला की पुढच्याला ‘मिओन’ने सुरू होणारं काही सुचत नाही, तेव्हा असे शब्द खेळातून वगळायचे की शत्रूसाठी राखून ठेवायचे ते आधीच ठरवा.

प्रश्न : व्याकरण आलं की मजा संपते. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही ‘असणे’ची दोन क्रियापदं, दोन भूतकाळ, सबजंक्टिव्ह (इच्छा-शंकेचं क्रियापदरूप). यातून सुटका नाही का?

उत्तर : सुटका नाही, पण ओझं निम्म्याहून कमी होऊ शकतं. व्याकरण जड वाटतं कारण हातातलं पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. ‘मे गुस्ता’ समजावायला त्यात पानंच्या पानं जातात. मराठी माणसाला एक ओळ पुरे : ‘मे गुस्ता एल लिब्रो’, मला पुस्तक आवडतं, ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, मला पुस्तकं आवडतात. क्रियापद पुस्तकामागे जातं, माझ्यामागे नाही. ‘मे पारेसे’ म्हणजे मला वाटतं. झालं.

दोन भूतकाळांचंही तसंच. ‘लहानपणी रस्त्यावर खेळायचो’ यातलं खेळायचो म्हणजे ‘हुगाबा’. ‘काल खेळलो’ म्हणजे ‘हुगे’, जोर शेवटी. मराठीत -यचो किंवा ‘-त होतो’ येत असेल तर बहुधा पहिला भूतकाळ, ‘-लो’ येत असेल तर दुसरा. ‘साबिया’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. इथे इंग्रजीतून जाणारा अडखळतो, मराठीतून जाणाऱ्याला दोन वेगळे शब्द आयते मिळतात.

माणसाच्या आधी येणारा तो चिमुकला ‘आ’? तो आपला ‘ला’ आहे. ‘बुस्को उन मेदिको’, मी डॉक्टर शोधतोय, कुठलाही चालेल. ‘बुस्को आल मेदिको’ (‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘आल’), मी डॉक्टरांना शोधतोय, ठरावीक डॉक्टर. आणि ज्याच्या नावाने लोक घाबरतात त्या सबजंक्टिव्हला आपल्याकडे -आवा आहे. ‘किएरो के बेंगास’ : तू यावंस असं मला वाटतं. ‘ओहाला युएबा’ : पाऊस पडावा! जिथे मराठीत यावं, जावं, पडावं येतं, तिथे स्पॅनिश क्रियापद रूप बदलेल अशी शंका घ्या. बहुतेकदा खरी ठरते.

‘सेर-एस्तार’ला मराठी सरळ मदत करत नाही, दोन्हींना ‘आहे’च. पण एक कसोटी आहे. विशेषणाच्या जागी ‘-लेला’ बसतो का बघा. कंटाळवाणा आहे, ‘एस आबुर्रिदो’. कंटाळलेला आहे, ‘एस्ता आबुर्रिदो’. मोडलेलं, बसलेला, लग्न झालेला, सगळे एस्तार. मेलेलासुद्धा, ‘एस्ता मुएर्तो’, आणि तिथे ‘कायमचं असेल तर सेर’ हा प्रसिद्ध नियम तोंडावर आपटतो. वस्तू कुठे आहे याला एस्तार. कार्यक्रम कुठे आहे याला मात्र सेर. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ म्हणता आलं तर सेर घ्या.

आता मराठी जिथे दगा देते ते. भूक ‘मला लागत’ नाही, ती ‘माझ्याकडे असते’ : ‘तेंगो आंब्रे’. वयही तसंच, भाऊही तसेच, सगळ्यांना ‘तेंगो’. डोकं ‘माझं’ दुखत नाही, ‘मे दुएले ला काबेसा’, मला डोकं दुखतं. आदरार्थी अनेकवचन नाही. ‘बाबा आले’ म्हणायच्या सवयीने क्रियापद अनेकवचनी केलंत तर ऐकणारा विचारेल, आणखी कोण आलं? लिंगांत दोन हात करावे लागतातच : आपला हात पुल्लिंगी, त्यांची ‘मानो’ स्त्रीलिंगी, चंद्र तो, ‘लुना’ ती, नदी ती, ‘रिओ’ तो. अशा भांडणाऱ्या जोड्यांची एक वेगळी यादी ठेवा, ती लवकर पाठ होते.

खेळ हवाच असेल तर उलटा अनुवाद करा. कुठल्याही स्पॅनिश मजकुरातल्या सहा ओळी घ्या आणि त्यांचं चांगलं, बोलतो तसं मराठी करा. मूळ मजकूर बंद. दुसऱ्या दिवशी आपल्या मराठीवरून पुन्हा स्पॅनिश करा आणि मूळ ओळींशी ताडून बघा. खुणा फक्त तीन गोष्टींवर : क्रियापदाचं शेपूट, लिंग, आणि ‘पोर-पारा’सारखे बारके शब्द. त्याच दिवशी करू नका, आठवणीतून उतरवलं जातं. आठवडाभराने केलं तर मजकूर परका होतो.

प्रश्न : ‘र’चा लांब उच्चार जमतच नाही. काही उपाय?

उत्तर : जमतो, तुम्हाला ठाऊक नाही एवढंच. ‘चिमणी भुर्रकन उडाली’ म्हणा. तोच. भुर्र, टर्र, सर्र असं पाच-सहा वेळा म्हणून लगेच ‘पेर्रो’ (कुत्रा), ‘कार्रो’ (गाडी). मग ‘पेरो’ (पण) आणि ‘कारो’ (महाग) आलटून पालटून. शब्दाच्या सुरुवातीला लिहिताना एकच असला तरी उच्चार भुर्रचाच : ‘र्रोसा’, ‘र्रेय’. पक्कं करायला लहान मुलांचं वाक्य आहे : ‘त्रेस त्रिस्तेस तिग्रेस त्रागाबान त्रिगो एन उन त्रिगाल’, तीन दुःखी वाघ गव्हाच्या शेतात गहू गिळत होते. यात र साधाच, पण त, ग यांच्या मागोमाग त्याला पळवायची सवय होते. आधी हळू तीनदा, मग वेगात. जीभ अडली तिथूनच नव्हे, पहिल्यापासून.

आपले त, द, प, क जसेच्या तसे चालतात. ‘च’ नेहमी चहातला, चाकातला कधीच नाही. खरी अडचण दोन ठिकाणी आहे. आपला ‘अ’ त्या भाषेत नाहीच, ‘कासा’चं ‘कसा’ होऊ देऊ नका. आणि जोर. मराठीत जोर बदलून अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तिकडे कानाडोळा करतो. ‘आब्लो’त जोर पहिल्या अक्षरावर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटी दिला तर ‘तो बोलला’. नियम छोटा आहे : शब्द स्वर, न किंवा स यांत संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्या. याला अपवाद असेल तिथे लिहिताना स्वरावर तिरकी रेघ दिलेली असते.

प्रश्न : भाषा-देवाणघेवाणीसाठी एक जोडीदार ऑनलाइन मिळाला आहे. दोनदा बोललो, दोन्ही वेळा सगळं इंग्रजीत झालं.

उत्तर : दोघांनाही येणारी भाषा उताराच्या पाण्यासारखी असते, संभाषण तिकडेच वाहतं. गजर लावा : २५ मिनिटं फक्त स्पॅनिश, २५ मिनिटं त्याला हवी ती भाषा, मध्ये मिसळायचं नाही. स्पॅनिशचा भाग आधी घ्या, नंतर ठेवला तर तो गप्पांत खाल्ला जातो. चुका बोलताना दुरुस्त करायच्या नाहीत, शेवटच्या पाच मिनिटांत जास्तीत जास्त तीन सांगायच्या. दहा सांगितल्या की एकही लक्षात राहत नाही.

इंग्रजीत घसरायचं खरं कारण म्हणजे शब्द आठवेपर्यंतची शांतता सहन होत नाही. ती भरायला त्यांचेच शब्द वापरा, आणि ते आपल्याला ओळखीचे आहेत : ‘ओ सेआ’ म्हणजे आपलं ‘म्हणजे’, ‘आ बेर’ म्हणजे ‘बघू’, ‘पुएस’ म्हणजे ‘तर मग’, आणि सबब सांगताना ‘एस के…’, ‘त्याचं काय आहे की…’. एवढे चार आले तरी बोलणं वाहतं राहतं.

‘तू’ म्हणावं की ‘उस्तेद’ (आदराचं ‘तुम्ही’) हा संकोच नको. स्पेनमध्ये समवयस्काला लगेच ‘तू’. कोलंबियाच्या काही भागांत जवळची माणसंही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात, तेव्हा समोरचा काय म्हणतो ते ऐका आणि तेच परत द्या. समोरासमोर बोलायचं धाडस होत नसेल तर महिनाभर एकेका मिनिटाचे आवाजी निरोप पाठवा. पाठवण्याआधी दोनदाच नव्याने बोलायची मुभा, त्याहून जास्त नाही.

प्रश्न : शब्द पाठ करायची गमतीशीर पद्धत?

उत्तर : आधी नातेवाईक शोधा. पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या शब्दांची भावंडं स्पॅनिशमध्ये बसलेली आहेत : पगार आणि ‘पागार’ (पैसे देणे), बिजागरी आणि ‘बिसाग्रा’, काडतूस आणि ‘कार्तुचो’, चावी आणि ‘याबे’. अरबीकडून दोन्ही भाषांनी उचललेले वेगळेच : आपला फलाणा म्हणजे त्यांचा ‘फुलानो’, अर्थासकट तोच. तारीफ आणि ‘तारिफा’ (दरपत्रक) एकाच धातूचे, आणि त्यांचा ‘आल्काल्दे’, नगराध्यक्ष, मुळात अल-काझी. बुद्धिबळाला ते ‘आहेद्रेस’ म्हणतात. तो शब्द म्हणजे अरबस्तानातून फिरून गेलेलं आपलं चतुरंग.

उरलेल्यांसाठी कार्डं. सुटा शब्द नको, पाच-सहा शब्दांचं वाक्य आणि त्यात एक गाळलेली जागा. दिवसाला पाच नवी पुष्कळ झाली. दहा-वीस घेणाऱ्यांचा उत्साह तिसऱ्या आठवड्यात संपतो, कारण जुन्या कार्डांची उजळणी तोवर रोजची साठ-सत्तरच्या पुढे गेलेली असते.

प्रश्न : स्पेनचं स्पॅनिश शिकावं की लॅटिन अमेरिकेचं?

उत्तर : ज्या देशाच्या मालिका, गाणी किंवा माणसं तुम्हाला आवडतात तिथलं. बोलायला एक ठरवा, ऐकायला सगळी ठेवा. ठळक फरक थोडे आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात ‘झेड’चा उच्चार दातांत जीभ धरून होतो, अमेरिकेत ‘स’. अनेकांना उद्देशून स्पेनमध्ये ‘बोसोत्रोस’, अमेरिकेत ‘उस्तेदेस’. अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेचा बराच भाग ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतो, आणि ‘एरेस’चं (तू आहेस) ‘सोस’ होतं.

प्रश्न : वाचायला सोपं म्हणून लहान मुलांची पुस्तकं आणली, तीही कळेनात!

उत्तर : ती सोपी नसतातच. त्या मुलांना चार वर्षांचं स्पॅनिश आधीच येत असतं. त्यात बेडकाच्या उड्या, चेटकिणींचे मंत्र आणि गोष्टीतला भूतकाळ, म्हणजे तुम्हाला न लागणारे शब्द आणि न शिकलेली रूपं. शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने लिहिलेलं वाचन घ्या. इन्स्तितुतो सेर्बान्तेस ही १९९१ साली स्थापन झालेली स्पेनची सरकारी संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर प्राथमिक, मध्यम, प्रगत असं वाचन फुकट मिळतं. मजकूर झेपेल का ते असं ठरवा : पन्नास शब्दांत एक अनोळखी असेल तर खुर्चीत रेलून वाचा, तीन असतील तर शब्दकोश घेऊन अभ्यासाला बसा, सहा असतील तर मिटा.

शब्दकोश जुना, छापील असेल तर एक लक्षात ठेवा. १९९४ पर्यंत ‘चे’ (सी-एच ही जोडी) हे स्वतंत्र अक्षर धरून त्याचे शब्द ‘सी’ संपल्यावर वेगळे दिले जात, ‘चेके’ तिथे सापडेल. आता ते ‘सी’मध्येच येतात. ‘एन्ये’ला (वर नागमोडी रेघ असलेल्या ‘एन’ला) मात्र अजून स्वतःची जागा आहे, ‘एन’च्या पाठोपाठ.

प्रश्न : ‘एन्ये’वरची ती नागमोडी रेघ फोनवर सापडत नाही. नाही दिली तर काय बिघडतं?

उत्तर : ‘एन’ची कळ दाबून धरा, वर उगवेल. उलटं प्रश्नचिन्ह नेहमीच्या प्रश्नचिन्हाच्या कळीखाली असतं, तेही दाबून धरून. बिघडतं ते असं की ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. रेघ गाळलीत की तो ‘आनो’ होतो, आणि ‘मला तीस वर्षं आहेत’ असं लिहायला निघालेला माणूस आपल्याला तीस गुदद्वारं असल्याचं जाहीर करतो.